गोठवलेल्या मिश्र बेरींचे पाकीट आणि घरचा कॉब्लर: पाच वेळा भाजून पाहिल्यानंतर

मिश्र बेरींचे हे गोठवलेले पाकीट मी केवळ कॉब्लर करण्यासाठी घेतले. गेल्या महिन्याभरात त्याच उत्पादनाची सहा पाकिटे आणली, त्यांतली पाच प्रत्यक्ष वापरली आणि एक परत केले. पहिल्या तीन वेळा पदार्थ मनासारखा झाला नाही. चौथ्या आणि पाचव्या वेळी मात्र तो इतका चांगला झाला की या परीक्षणात फळांबद्दल माझ्याकडे फारशी तक्रार उरलेली नाही. तक्रार आहे ती पाकिटाच्या मागच्या बाजूला छापलेल्या चार ओळींच्या सूचनेबद्दल, कारण फळ उत्तम असूनही त्या सूचनेमुळे पदार्थ बिघडतो, आणि पहिल्यांदाच कॉब्लर करणाऱ्या माणसाला दोष आपल्या हाताचा आहे असे वाटत राहते.

कॉब्लर म्हणजे खाली फळांचा घट्ट, चकचकीत रस आणि वर मऊ पिठाचे चमच्याने सोडलेले गोळे, जे भाजताना फुगून एकमेकांना टेकतात. पायसारखी पारी लाटावी लागत नाही, कडा मुडपाव्या लागत नाहीत आणि क्रम्बलसारखा पीठ-लोण्याचा भुसभुशीत चुराही करावा लागत नाही. घरी भाजण्याच्या गोड पदार्थांत याच्याइतका सोपा पदार्थ विरळा. पण हा सोपेपणा हाताच्या कौशल्यापुरता आहे. फळातून किती रस सुटणार, तो कधी सुटणार आणि त्याला घट्टपणा कशाने येणार, हे कळले तरच कॉब्लर साधतो, आणि गोठवलेल्या फळाच्या बाबतीत नेमके हेच गणित ताज्या फळापेक्षा वेगळे असते.

पाकीट ५०० ग्रॅमचे असून त्यात ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी आणि रास्पबेरी ही चार फळे आहेत. साखर किंवा अन्य काहीही घातलेले नाही, ही जमेची बाजू. एक पाकीट ताटात ओतून मी फळे वेगळी करून वजन केले, तेव्हा ब्लूबेरी सर्वांत जास्त, त्याखालोखाल स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरी जेमतेम ६० ग्रॅम भरली. त्यातही अर्धीअधिक रास्पबेरी चुरा होऊन बाकीच्या फळांना लाल रव्यासारखी चिकटली होती. रास्पबेरी हे आतून पोकळ आणि नाजूक फळ असल्यामुळे वाहतुकीत एवढी मोडतोड व्हायचीच, आणि कॉब्लरमध्ये ती विरघळून रसाला आंबटपणा व सुगंध देते, म्हणून मला त्याचे वाईट वाटले नाही. मात्र पाकिटावरच्या चित्रात ज्या टपोऱ्या, अखंड रास्पबेरी दिसतात, तशी एकही मला मिळाली नाही, हे नोंदवले पाहिजे.

चव हा या पाकिटाचा सर्वांत भक्कम भाग आहे. ज्या थंड हवामानाच्या प्रदेशांत या फळांची मोठी लागवड होते, तिथे त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा असतो. बाजारात ताजे विकायचे फळ प्रवास सोसावा म्हणून पुष्कळदा थोडे टणक असतानाच काढावे लागते, तर गोठवण्यासाठीचे फळ पूर्ण पिकू दिले तरी चालते. या पाकिटातली ब्लूबेरी पूर्ण पिकलेली होती, हे तिच्या गडद रसावरून आणि शिजल्यावर येणाऱ्या गोडीवरून स्पष्ट कळले. पाचव्या वेळी मी शेजारी-शेजारी दोन कॉब्लर केले, एक या पाकिटाचा आणि एक ताज्या फळांचा. ताज्या फळांच्या कॉब्लरमध्ये फळाचा आकार अधिक चांगला टिकला, चमच्यात अख्खी ब्लॅकबेरी येत होती आणि ती दाताखाली फुटत होती. रसाची चव मात्र पाकिटाच्या कॉब्लरची अधिक खोल होती, आणि घरातल्या चौघांपैकी तिघांनी न सांगता त्याचीच दुसरी वाटी घेतली.

आता त्या सूचनेकडे येते. पाकिटावर असे छापले आहे की फळे वापरण्यापूर्वी पूर्ण वितळू द्यावीत, चाळणीत निथळून घ्यावीत आणि मग पाककृतीत ताज्या फळांप्रमाणे वापरावीत. पहिल्या वेळी मी ते तंतोतंत पाळले. चाळणीखाली ठेवलेल्या भांड्यात जवळजवळ पाऊण कप गडद जांभळा रस जमला, तो मी बाजूला ठेवला आणि उरलेली फळे साखर व कॉर्नफ्लोअर लावून भांड्यात पसरली. भाजून झाल्यावर वरचे गोळे देखणे दिसत होते, पण खाली फळांचा कोरडा, फिक्या चवीचा थर होता. कॉर्नफ्लोअरला ओलावा पुरेसा न मिळाल्यामुळे तो जागोजागी पांढरट आणि पिठूळ राहिला होता. संध्याकाळी तो बाजूला ठेवलेला रस चमच्याने चाखला, तेव्हा माझ्या लक्षात आले की कॉब्लरची सगळी चव मी वाटीत काढून ठेवली होती.

हे असे का होते ते समजून घेणे उपयोगाचे आहे. फळ गोठताना त्याच्या पेशींमधल्या पाण्याचे बर्फाचे कण होतात आणि हे कण पेशींच्या भिंती फोडतात. कारखान्यात फळे एकेक सुटी ठेवून अतिशय वेगाने गोठवतात, त्यामुळे हे कण बारीक राहतात आणि नुकसान कमी होते, पण होतेच. म्हणून ताजे फळ ओव्हनमध्ये हळूहळू मऊ होत रस सोडते, तर गोठवलेले फळ वितळताक्षणीच बराचसा रस सोडून मोकळे होते. या रसात फळाची साखर, आंबटपणा, रंग आणि सुगंध सगळेच असते. तो टाकून द्यायचा नसतो, त्याला घट्ट करायचे असते. ताज्या ५०० ग्रॅम फळांना दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर पुरते, तर या पाकिटाला सपाट दोन मोठे चमचे लागतात. एवढी एक ओळ पाकिटावर छापली असती, तर माझी पहिली दोन पाकिटे सत्कारणी लागली असती.

दुसऱ्या वेळी मी उलट टोक गाठले. फळे फ्रीजरमधून काढून तशीच भांड्यात घातली, वर पीठ सोडले आणि भांडे सरळ ओव्हनमध्ये ठेवले. चाळीस मिनिटांनी वरून गोळे सोनेरी झाले, पण चमचा घातल्यावर त्यांच्या खालचा अर्धा भाग कच्चट, चिकट, लापशीसारखा निघाला. कारण उघड होते: वरून उष्णता आणि खालून बर्फ. फळ वितळून तापेपर्यंत ओव्हनचा निम्मा वेळ गेला आणि तोवर पिठाची खालची बाजू थंड रसात भिजत राहिली. खालचा रसही पातळच होता, कारण कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला लागतो तो साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि त्याचा पूर्ण घट्टपणा यायला रस जवळजवळ उकळीपर्यंत, म्हणजे ९५ अंशांपर्यंत पोचावा लागतो. कडेला बुडबुडे दिसले म्हणून मी भांडे बाहेर काढले होते, पण मधला भाग तिथवर पोचलाच नव्हता.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि तो उन्हाळ्यात विशेष सोयीचा आहे, कारण त्याने ओव्हन चालू ठेवण्याचा वेळ कमी होतो. फळे आधी गॅसवर तापवून घ्यायची. मी ओव्हनमध्ये चालणारे, स्टीलच्या मुठीचे, जाड बुडाचे २४ सेंटिमीटर रुंदीचे पसरट भांडे वापरते, म्हणजे गॅस आणि ओव्हन दोन्हींसाठी एकच भांडे पुरते. त्यात पाकिटातली फळे न वितळवता, न धुता घालायची. ७५ ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आधी कोरडेच नीट मिसळून फळांवर भुरभुरायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घालून मध्यम आंचेवर आठ ते दहा मिनिटे ठेवायचे. हलवायचे ते दोनदाच, तेही उलथन्याने खालून वर, कारण सतत ढवळले की स्ट्रॉबेरीचा लगदा होतो. सुरुवातीला रस दुधाळ, गढूळ जांभळा दिसतो. मग कडेने तो आधी पारदर्शक आणि मग काचेसारखा चकचकीत होऊ लागतो, आणि हा बदल दिसला की वर पीठ सोडायची वेळ झाली असे समजावे.

वरच्या पिठाचे प्रमाण मी असे घेतले: १५० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे साखर, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, ६० ग्रॅम थंड, बिनमिठाचे बटर आणि सुमारे १०० मिलिलिटर थंड दूध. बटरचे लहान तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरायचे आणि वाटाण्याएवढे काही खडे तसेच राहू द्यायचे, कारण ओव्हनमध्ये हेच खडे वितळून वाफ सोडतात आणि गोळा आतून हलका होतो. दूध घातल्यावर पीठ मळायचे नाही, काट्याने जेमतेम एकत्र करायचे. मळले की मैद्याला चिवटपणा येतो आणि गोळे पावासारखे गच्च होतात. फळे गॅसवर चढवण्याआधी कोरडे साहित्य व बटर तयार ठेवावे आणि दूध मात्र अगदी शेवटी घालावे, कारण ओले झाल्याबरोबर बेकिंग पावडरचा पहिला वायू सुटू लागतो.

गरम फळांवर आठ-नऊ गोळे सोडायचे आणि त्यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी ठेवायची. या फटींमधून वाफ निघून जाते. त्या बुजवल्या तर वाफ पिठातच कोंडते आणि खालची बाजू ओली राहते. मग १९० अंश सेल्सिअसला तापलेल्या ओव्हनमध्ये २८ ते ३२ मिनिटे. खालून फळ आधीच गरम असल्यामुळे पिठाची खालची बाजू पहिल्या मिनिटापासून वाफेवर शिजू लागते आणि दुसऱ्या वेळचा तो कच्चटपणा पूर्ण नाहीसा होतो. शंका वाटली तर मधला एक गोळा काट्याने हलकेच उचलून त्याचे बूड पाहावे. ते जांभळ्या रसाने माखलेले, पण जाळीदार आणि शिजलेले दिसले पाहिजे.

येथे काचेच्या भांड्याविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. अनेकांकडे कॉब्लरसाठी काचेची बेकिंग डिश असते आणि तिच्यात पदार्थ दिसतोही सुंदर. पण गोठलेली फळे भरलेली काचेची डिश तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नये. तापमानातल्या एकदम बदलाने काच तडकू शकते, आणि पाकिटावर याचा उल्लेख असायला हवा होता. तसेच बिडाचे उघडे भांडेही या पदार्थाला मानवत नाही, कारण बेरींच्या आंबट रसाला त्यात लोखंडी चव येते. एनॅमलचा थर दिलेले बिडाचे भांडे मात्र उत्तम चालते.

तिसऱ्या वेळचा प्रयोग फसला तो माझ्या चुकीने, पण ब्लूबेरी वापरणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकावा असा आहे. गोळे अधिक फुगावेत म्हणून मी बेकिंग पावडरच्या जोडीला अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला. कॉब्लर कापला तेव्हा जिथे-जिथे रस पिठात शिरला होता, तिथे-तिथे निळसर-हिरवी कडा उमटलेली होती, थेट बुरशीची आठवण करून देणारी. ती बुरशी नव्हती. बेरींच्या लाल-जांभळ्या रंगाला जबाबदार असलेली अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये आंबट माध्यमात लालसर राहतात आणि सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत निळी-हिरवी होतात. खायला त्यात काहीही धोका नव्हता, पण सोड्याची किंचित साबणासारखी चव लागत होती आणि मुलांनी ताटली परत केली. या फळांबरोबर साधी बेकिंग पावडर पुरेशी आहे, आणि लिंबाचा रस चवीइतकाच रंगासाठीही हवा.

आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. पाकिटाच्या पुढच्या बाजूला स्मूदीचे आकर्षक चित्र आहे आणि मागे, अतिशय बारीक अक्षरांत, फळे शिजवून खावीत असे लिहिले आहे. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत. गोठवल्याने विषाणू मरत नाहीत, आणि २०१३ साली युरोपात हिपॅटायटिस ए या काविळीची जी मोठी साथ आली, तिचा संबंध गोठवलेल्या मिश्र बेरींशी असल्याचे तपासात आढळले होते. हा विषाणू ८५ अंश सेल्सिअसला किमान एक मिनिट तापवल्यास निष्प्रभ होतो, म्हणजे नीट खदखदलेल्या कॉब्लरबाबत काळजी करण्याचे कारण नाही. मात्र पाकीट उघडून मुलांच्या हातावर चार बेरी ठेवण्याचा मोह टाळावा, आणि ज्या चाळणीत किंवा ताटात कच्ची फळे ठेवली असतील ती धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला घेऊ नये. शिजवण्याची सूचना कंपनीने ठळक अक्षरांत, स्मूदीच्या चित्राच्या जागी छापावी असे माझे स्पष्ट मत आहे.

परत केलेल्या पाकिटाची हकीकतही खरेदीच्या वेळी उपयोगी पडेल. ते हातात घेतले तेव्हा आतली फळे सुटी नव्हती. सगळ्यांचा मिळून विटेसारखा एकच गोळा झाला होता आणि पिशवीच्या आतल्या बाजूला जांभळ्या बर्फाचा थर होता. चांगल्या पाकिटातली फळे हलवली की खड्यांसारखी खुळखुळतात. गोळा झाला याचा अर्थ वाटेत कुठेतरी फळे वितळली आणि पुन्हा गोठली, तेही सावकाश, म्हणजे बर्फाचे कण मोठे आणि पेशींचे नुकसान अधिक. ते किती वेळ वितळलेल्या अवस्थेत होते हे कळायला मार्ग नसतो. विक्रेत्याने ते विनातक्रार बदलून दिले, पण पाचांतल्या एका पाकिटाला बर्फाची बारीक भुकटी लागलेली होतीच, त्यामुळे घेताना पाकीट हलवून आणि दाबून पाहिल्याशिवाय टोपलीत टाकू नये. पिशवीची पुन्हा बंद करायची पट्टीही कुचकामी आहे. दोनदा उघडल्यावर ती चिकटेनाशी होते, तेव्हा उरलेली फळे दुसऱ्या डब्यात काढावी लागतात.

भाजून झालेला कॉब्लर लगेच वाढू नये, हे मी आग्रहाने सांगते. ओव्हनमधून काढल्यावर अर्धा तास थांबले की रस निवताना आणखी घट्ट होतो आणि चमच्याला धरून राहतो. गरम असतानाच वाढला तर तोच रस ताटलीभर पळतो आणि केलेली सगळी मेहनत पातळ वाटते. कोमट कॉब्लरवर व्हॅनिला आइस्क्रीमचा एक गोळा पुरे, कारण या पाकिटातल्या फळांचा आंबटपणा मुळात चांगला असून फार गोड जोड त्याला दाबून टाकते. उरलेला कॉब्लर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो, पण पुन्हा गरम करायचा तर ओव्हनमध्येच, १७० अंशांवर पंधरा मिनिटे. मायक्रोवेव्हमध्ये वरचे गोळे ओल्या स्पंजासारखे होतात.

शेवटच्या खेपेला आणलेल्या पाकिटांबरोबर एक जादा पाकीट मी माझ्या थोरल्या बहिणीसाठी घेतले. देण्याआधी त्याच्या मागची छापील सूचना पेनाने खोडली आणि तिथे पट्टी चिकटवून लिहिले: वितळवू नकोस, निथळू नकोस, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, आधी गॅसवर, मग १९० अंशांवर अर्धा तास, मधोमध रटरटेपर्यंत. तिचा त्याच संध्याकाळी फोन आला, "अगं, कडेला तर कधीचं खदखदतंय, मग काढू का बाहेर?" मी तिला दिवा लावून मधल्या फटीत पाहायला सांगितले. कडेचे बुडबुडे लहान, भराभर येणारे आणि पाण्यासारखे फुटणारे असतात. मधले बुडबुडे उशिरा येतात, मोठे असतात आणि जाड पिठल्यासारखे एकेक करून सावकाश फुटतात. ती फोन तसाच धरून ओव्हनसमोर उभी राहिली, आणि सहा-सात मिनिटांनी म्हणाली, "आला, मधला पहिला आला." आणखी दोन मिनिटे थांब, असे मी तिला सांगितले.